नूतनबाईंचे वॉट

“कोण स्टेशन हाय? आवाज कळत नाय. कॉलसाईन परत सांगा. ओव्हर.”

हैबतदादाचा आवाज नेहमीसारखाच होता. जरा घोगरा, शेवटच्या शब्दावर टेकणारा. फक्त त्यातलं ते ‘सांगा’ परक्या माणसासाठी होतं. नूतनबाईंचा अंगठा माइकच्या बटणाजवळ जाऊन थबकला. सख्ख्या भावाने आपल्याला ‘अहो-जाहो’ केलं, हे त्यांच्या कानांनी आधी ऐकलं, कळलं मात्र बऱ्याच वेळाने. त्यांनी बटण दाबलं नाही. हात लांब करून रेडिओचा सेट बंद केला, त्याच्यावरचा पिवळा दिवा विझताना पाहिला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खालच्या गल्लीत गणपतीच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर सुरू होता. कोणीतरी फवाऱ्याने मूर्तीवर अंगरंग चढवत होतं, आणि त्या फर्र आवाजाच्या वरून पलीकडच्या पोराला ओरडून काही सांगत होतं. पेणमध्ये बारा महिने हा आवाज असतो. नूतनबाईंनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं ते याच आवाजावर मात करून. शाळेच्या मागे दोन कारखाने होते, आणि शेवटच्या बाकापर्यंत ‘जडत्व’ हा शब्द पोचवायचा म्हणजे तो छातीतून फेकावा लागे. मुलं त्यांची नक्कल करत, ती त्यांना ठाऊक होती आणि आवडतही होती. तो आवाज पनवेलच्या एका इस्पितळात, गळ्यातली थायरॉइडची गाठ काढताना, कुठेतरी राहून गेला होता. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, एक स्वरतंतू हलत नाहीय, येईल हळूहळू. मग दारापर्यंत जाऊन वळून म्हणाले, कदाचित नाहीही येणार. आता जे निघत होतं त्याला वारा म्हणावं की आवाज, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

“बोलणं झालं?” माधवरावांनी स्वयंपाकघरातून विचारलं. ते पोळ्या लाटत होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं, आणि बायकोच्या आजारपणात ते इतकं मनापासून केलं होतं की आता पोळ्या गोल व्हायला लागल्या होत्या.

नूतनबाई दारात आल्या. “सिग्नल पोचत नाही,” त्या म्हणाल्या. मग तेवढ्याने काही तरी अपुरं राहिल्यासारखं वाटून, श्वास घेऊन, पुढे म्हणाल्या, “अँप्लिफायर घ्यावा लागेल.”

त्यांच्या तोंडून निघालेलं हे शस्त्रक्रियेनंतरचं सर्वांत लांब वाक्य असावं. माधवरावांनी लाटणं खाली ठेवलं. रेडिओतलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. गच्चीवर नळीसारखी उभी केलेली अँटेना, तिच्यातून खाली येणारी काळी केबल आणि टेबलावरचा मुठीत मावणारा सेट, एवढीच त्यांची या छंदाशी ओळख. पण बायकोने काहीतरी हवं म्हटलं होतं. गेले कित्येक आठवडे ती पाटीवर ‘नको’ एवढंच लिहीत होती. “घेऊया की,” ते म्हणाले, आणि पिठाच्या हातानेच मोबाइल शोधायला लागले.

भावा-बहिणीच्या या रोजच्या बोलण्याला लोक हसत. पेण आणि रोहा म्हणजे काही परदेश नाही. पनवेलहून येणाऱ्या गाडीत बसलं की कासू, नागोठणं करत रोहा येतं, आणि तिथून रिक्षाने गाव. शिवाय फोन असतोच. पण फोनवर हैबतदादा बोलत नसे. बरा हाय, व्हय, नाय, ठेवतो. चार शब्दांच्या वर त्याची कधी मजल गेली नाही. आयुष्यभर तो असाच. नूतन अकरावीला पेणला शिकायला निघाली तेव्हा तो तिची ट्रंक खांद्यावर घेऊन एसटीपर्यंत आला होता. भाताच्या बांधावरून ती पुढे, तो मागे, आणि अख्ख्या वाटेत त्याने एक शब्द काढला नाही. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, “पैशे वरच्या खिशात हायेत.” नूतनला त्या वेळी राग आला होता. इतर मुलींचे भाऊ काय काय बोलत होते. मग पुष्कळ वर्षांनी, एका पावसाळ्यात पुराने मोबाइलचे मनोरे गप्प झाले आणि तीन दिवस गावाची खबर कळेना, तेव्हा नूतनबाईंनी हौशी रेडिओचा परवाना काढायचं मनावर घेतलं, आणि दादालाही परीक्षेला बसवलं. ओटीवर बसून त्याला तरंगलांबी शिकवली. तो शेतात ढेकूळ टाकावं तसा एकेक प्रश्न टाकायचा, आणि उत्तर पुरतं मुरेपर्यंत दुसरा टाकायचा नाही. दोघं पास झाली. त्याने अंगणातल्या पोफळीच्या उंच खोडाला अँटेना बांधली, आणि पहिल्याच संध्याकाळी असा चमत्कार झाला की नूतनबाई माइक हातात धरून बसूनच राहिल्या. दादा बोलत होता. वालाला यंदा फूल कसं आलंय, मालूचं, म्हणजे वहिनीचं, आणि शेजारणीचं कशावरून बिनसलं, धाटावच्या कंपनीत होतो तेव्हा पाळीवर जाताना बसमध्ये एक माणूस रोज गायचा तो परवा बाजारात भेटला. बोलत होता, आणि सगळं बोलून झाल्यावर ‘ओव्हर’ म्हणत होता. त्यांना तेव्हा कळलं की दादाला बोलायचं नव्हतं असं नाही. त्याला कोणी पाळी दिली नव्हती. लोक भराभर बोलतात, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं, त्यात हा मागे उभा राहायचा, ट्रंक घेऊन. रेडिओवर एकाने बटण दाबलं की दुसऱ्याला मध्ये तोंड घालताच येत नाही. त्या नियमात त्याला मोकळं वाटलं.

आणि आता त्याच नियमात त्यांची पाळी आली होती, तर त्यांच्याकडे आवाज नव्हता.

पुढचे काही दिवस घरात अँप्लिफायरशिवाय दुसरा विषय नव्हता. माधवराव सकाळी चहाबरोबर एकेक यंत्र पुढे करत. हा बघ, दोन वॉट आत, तीस वॉट बाहेर. हा मोटारीत बसवायचा, शंभराच्या वर जातो. याला पंखा आहे, याला नाही. ह्याचा पंखा म्हणे फार ओरडतो. नूतनबाई मोबाइल हातात घेऊन चित्रं बघत. काळ्या धातूचे ठोकळे, पाठीवर उष्णता सोडायला खाचा पाडलेल्या, एका बाजूला केबल आत, दुसऱ्या बाजूला केबल बाहेर. त्यातला मोठा ठोकळा त्यांना आवडला. त्याच्याकडे पाहताना छातीत एक जुनं बळ आल्यासारखं वाटे, वर्गाच्या दारात उभं राहिल्यावर वाटायचं तसं. छोट्या हँडसेटमधून निघालेलं ते केविलवाणं काहीतरी या यंत्रात एका बाजूने शिरेल आणि दुसऱ्या बाजूने धाडकन बाहेर पडेल, डोंगर ओलांडेल, पोफळीवर जाऊन आदळेल. दादा खुर्चीतून उठून उभा राहील.

“मला एक सांग,” माधवराव एकदा म्हणाले. त्यांच्या प्रश्नांत बँकेतला हिशेबीपणा असे. “हैबतरावांकडेसुद्धा तुझ्यासारखाच पाच वॉटचा सेट आहे ना? आणि इथे तर हा कॉम्प्रेसर, त्याची ती सगळी खरखर. तरी त्यांचं तुला ऐकू येतं. मग तुझं त्यांना का नाही पोचत? तिकडे तर शुकशुकाट.”

नूतनबाईंनी गळ्याकडे हात नेला. आवाज नसण्याची ही एक सोय होती. उत्तर टाळलं तरी घसा दुखत असेल असं समोरच्याला वाटतं. पण तो प्रश्न दिवसभर त्यांच्या मागे घरभर हिंडला. त्या भाजी निवडत होत्या तेव्हा समोर बसला, दुपारी पडल्या तेव्हा उशाशी आला. जी वाट तिकडून इकडे खुली आहे ती इकडून तिकडेही तेवढीच खुली असते, हे त्यांनी किती वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. दादाचा आवाज भरलेला, तो खरखरीतूनही वर येई; त्यांचा तिच्यात बुडे. आणि दुसरंही एक त्यांना ठाऊक होतं, ते त्याहून वाईट होतं. या प्रकारच्या रेडिओत वॉट वाढवले म्हणून बोलणाऱ्याचा आवाज मोठा होत नाही. फक्त त्याच्याभोवतीची खरखर कमी होते, आणि ती एकदा गेली की वर कितीही वॉट ओता, काही फरक पडत नाही. कुजबुज ही कुजबुजच राहते. स्वच्छ कुजबुज. परीक्षेत आला असता तर त्यांनी या उत्तराला पूर्ण गुण दिले असते. पण ठाऊक असणं आणि ते ठाऊक असलेलं हातात घेऊन बघणं यात फार अंतर असतं, आणि नूतनबाई त्या अंतरात आरामात बसून होत्या. इस्पितळातून आल्यावर त्यांनी न्हाणीघरातला आरसा पुसला नव्हता. गळ्यावरचा आडवा व्रण वाफेत पुसट दिसे, तसाच बरा वाटे. अँप्लिफायरचंही तसंच काहीसं होतं. जोवर तो यायचा होता, तोवर दोष सिग्नलचा होता.

“तू सरळ गाडीत बसून जाऊन का येत नाहीस?” माधवराव म्हणाले होते. त्यावर त्यांनी जोरात मान हलवली. समोरासमोर दादा त्यांच्या तोंडाकडे बघेल. इस्पितळात तो आला होता, तेव्हा त्यांना बोलायची बंदी होती. तो खुर्ची ओढून बसला, पिशवीतून शहाळं काढलं, आणि दोघं दोन तास गप्प बसली होती. तेव्हाचा तो गप्पपणा दोघांचा होता, चांगला होता. आता जाऊन त्याच्यासमोर हा फुसका वारा सोडायचा आणि त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हलताना पाहायचं, हे त्यांना जमणार नव्हतं.

शेवटी जितेश आला. हा त्यांचा जुना विद्यार्थी, डोलवीला पोलादाच्या कारखान्यात नोकरी, आणि रेडिओचं वेड त्याला बाईंनीच लावलेलं. माधवरावांनी त्याला फोन केला होता. तो रात्रपाळी करून, झोप काढून, संध्याकाळी मोटरसायकलवर दोन ठोकळे घेऊन आला. एक छोटा, त्याचा स्वतःचा. दुसरा मोठा, मित्राकडून फक्त दाखवायला आणलेला. दोन्ही टेबलावर ठेवून म्हणाला, “बाई, मोठा नुसता बघा. तो आपल्या परवान्यात बसत नाय. शिवाय त्याला एवढा करंट लागतो की घरचा पॉवर सप्लाय गुडघे टेकेल, आणि त्याच्यात नको त्या लहरी अडवणारी गाळणी धड नाय, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या टीव्हींवर तुम्हीच. हा छोटा परवान्यापुरता लावून देतो. तुमच्या हँडसेटची ताकद आधी कमी करायची, नायतर आतला ट्रान्झिस्टर पहिल्या हाकेला जळेल. आणि एका वेळी फार लांबड लावायची नाय, तापतो.”

“त्याची काळजी नको,” माधवराव म्हणाले आणि लगेच गप्प झाले. नूतनबाईंना हसू आलं. त्या हसण्यालाही आवाज नव्हता, पण खांदे हलले, आणि ते पाहून माधवरावही हसले.

जितेशने केबली जोडल्या. लाल दिवा लागला. खालच्या कारखान्यात सुट्टी झाली असावी, कारण कॉम्प्रेसर अचानक थांबला, आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. “मी आधी काकांना सांगू का, कोण बोलतंय ते?” जितेशने विचारलं. नूतनबाईंनी नको म्हणून हात केला. त्याने सांगितलं असतं तर दादाने ओळखलं असतं, पण ते ओळखणं जितेशचं झालं असतं. त्यांनी माइक हातात घेतला. तळवा ओला झाला होता. पहिल्या दिवशी वर्गात उभं राहताना झाला नव्हता इतका. मनाशी म्हणाल्या, आता काय ते कळेल. बटण दाबलं, छोट्या ठोकळ्यावरचा दुसरा दिवा पेटला, आणि त्यांनी परवान्यावरचा आपला कॉलसाईन सांगितला. एकेक अक्षर सुटं, ओल्या काडीने दिवा लावावा तसं. मग म्हणाल्या, “दादा.” आणि बटण सोडलं.

काहीच आलं नाही. माधवराव पुढे वाकले. जितेश ठोकळ्याच्या खाचांवर हात ठेवून उभा होता. मग सेटमधून नुसता श्वास ऐकू आला. पलीकडे कोणीतरी बटण दाबून बसलं होतं आणि बोलत नव्हतं.

“नुते?” हैबतदादा म्हणाला. “तू हायस का गो?” आणि ओव्हर म्हणायचं विसरून, बटण तसंच दाबून धरून तो पुढे बोलत राहिला. “सिग्नल असा आलाय, खरखर नावाला नाय. घरात बसून बोलल्यासारखी आलीस. आवाज गेलाय तुझा, पण तूच हायस. दादा म्हणालीस त्याच्यात कळलं. मंग त्या दिवशी पण तूच होतीस काय? खरखरीत कोण बाई बोलली आणि गेली. मला वाटलं कोण अडचणीत हाय. मी हाका मारत बसलो. मालू म्हणाली, जेवा आता, नसेल कोण. मी म्हटलं, बाई दमलेली वाटली गो, परत आली तर ऐकायला कोण तरी पायजे. बॅटरी उतरली तेव्हा उठलो. तू बंद का केलास? ओव्हर.”

नूतनबाईंनी माइक टेबलावर ठेवला. त्यांना त्या संध्याकाळची ती खिडकी आठवली, आपण तिथे उभ्या होतो, सेट बंद होता, आणि तो तिकडे पोफळीखाली एका अनोळखी बाईला हाका मारत बसला होता. त्याने आपल्याला ओळखलं नाही हे दुःख त्यांनी इतके दिवस जपून ठेवलं होतं. न ओळखताही तो जेवायचा थांबला होता, हे त्यांच्या कल्पनेत कुठेच नव्हतं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, माधवरावांकडेही पाहिलं नाही. पुन्हा माइक उचलला आणि जितेशने नको म्हणून मान हलवेपर्यंत, जे जमेल ते, जसं जमेल तसं बोलत राहिल्या. बरंचसं नुसता वाराच होता. पण पलीकडून दादा ‘व्हय’, ‘समजलं’, ‘परत सांग’ म्हणत होता. सिग्नल स्वच्छ होता, म्हणून वाऱ्यातलेही शब्द त्याला वेचता येत होते.

“मग काय ठरलं बाई?” जितेशने निघताना विचारलं. “मोठा आवडला असेल तर परवान्यात बसेल असा दुसरा कुठला तरी बघू.”

नूतनबाईंनी छोट्याकडे बोट केलं. मग वाटलं, एवढ्यावर भागणार नाही, हा विद्यार्थी आहे आपला, याला कारण द्यायला हवं. त्यांनी घसा साफ केला. “खरखर गेली की,” त्या म्हणाल्या, आणि श्वास घेतला, “पुढचे वॉट फुकट.”

जितेश हसला. “परीक्षेला विचारायचात हे.”

“तू चुकला होतास,” नूतनबाई म्हणाल्या.

तसाच एक छोटा ठोकळा मग मागवला गेला. माधवरावांनी तो टेबलाच्या कडेला स्वतःच्या हाताने स्क्रू मारून बसवला, जरा वाकडा बसला, पण हवा लागेल असा. आवाज काही परत आला नाही. पनवेलला दाखवून झालं, व्यायाम सुरू होते, कधी एखादा शब्द अचानक जुन्या तेजाने निघे आणि दोघं दचकून एकमेकांकडे बघत, पण पुढचा शब्द पुन्हा बसलेला. नूतनबाईंनी एक दिवस न्हाणीघरातला आरसा पुसला, असं माधवरावांच्या लक्षात आलं. 

त्या संध्याकाळी दादाने आधी आपलं सगळं सांगून घेतलं. वाल काढून झाला, मालूला गुडघ्याचं तेल पाहिजे, गावात मडक्यात शेंगा भाजायला पोपटी लावली होती, त्या जरा करपल्या. “तुझं सांग. ओव्हर.” नूतनबाईंनी बटण दाबलं. सांगायचं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. तेलाचं सांगायला गेल्या आणि निघालं दुसरंच. भूल देताना नाकावर तो मुखवटा आला, तेव्हा काय झालं ते. डॉक्टर म्हणाले, आकडे मोजा. त्यांनी मोजायला सुरुवात केली, आणि त्यांना वाटलं, हे आपले शेवटचे शब्द असतील, आणि ते आकडे आहेत. कोणाचं नाव नाही, काही नाही. मुलांना आपण वर्षानुवर्षं आकडेच तर दिले. त्या वेळी किती भीती वाटली हे त्यांनी माधवरावांना सांगितलं नव्हतं, कारण त्या वेळी तो माणूस बाहेर बाकावर बसून स्वतःच घाबरलेला होता. आता ते मागे पोळीवर तूप लावत ऐकत होते, आणि त्यांचा हात थांबला होता, हे पाठ असूनही नूतनबाईंना कळत होतं. त्या सांगत राहिल्या. मध्येच आवाज पार गेला. ओठ हलत होते, बाहेर काही येत नव्हतं. पण बटण त्यांनी सोडलं नाही. तिकडे दादाच्या सेटवर आपली नुसती शांतता पोचत असेल, स्वच्छ, खरखरीशिवाय, हे त्यांना ठाऊक होतं. ठोकळा कोमट व्हायला लागला तेव्हा त्यांनी अंगठा उचलला.

बराच वेळ गेला. मग हैबतदादाचा आवाज आला, जरा पुढे वाकून बोलावं तसा.

“नुते, तू ओव्हर म्हणालीस काय? मला नाय ऐकू आलं. म्हणाली नसशील तर बोल अजून.”